मुलांना आखाड्यात पाठवण्याआधी

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. दोन्ही गावं पवारांची, आणि दोन्हीकडच्या जुन्या मराठी घरांत लंगोट लावून माती अंगाला लावलेले एखादे तरी आजोबा निघतातच. मधल्या पिढीने मुलांना क्रिकेट आणि कोचिंग क्लासकडे वळवलं. आता वारं पुन्हा फिरलंय. २०१६ साली ‘दंगल’ आला. त्यासाठी आमिर खानला कुस्ती शिकवणारे कृपाशंकर बिश्नोई आपल्या शेजारच्या इंदूरचे. २०२१ मध्ये छिंदवाड्याच्या शिवानी पवारने २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक आणलं. त्यामुळे आता मुलीही हट्ट धरतात. आमच्या धाकटीने तेराव्या वर्षी धरला.

दोन वर्षं झाली, ती नेमाने जाते. गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला भेटणाऱ्या आया मला विचारतात, ‘आम्हालाही मुलांना घालायचंय, काय बघायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी शिकवणारा बघा

कपाटातल्या ढाली आणि भिंतीवरचे फोटो नंतर बघा. आधी एक संध्याकाळ तासभर नुसतं बसून सराव बघा. नव्या मुलांना पहिल्यांदा पडायला शिकवतात का? मानेचे व्यायाम करून घेतात का? जोड लावताना वय आणि वजन दोन्ही बघतात का? हरलेल्या मुलाशी उस्ताद कसे बोलतात? बसून बघायलाच मनाई असेल, तर तिथूनच परत फिरा.

माती की मॅट, हा वाद घरोघरी होतो. हौद्यातली तेल, ताक, हळद घालून मळलेली माती अंगात ताकद आणि चिकाटी आणते. पण शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होतात, आणि तिथे वेग लागतो. खाशाबा जाधव मातीतलेच. १९४८ ला लंडनला मॅटवर ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. सुरुवात मातीत झाली तर चांगलंच, पण मुलाला स्पर्धा खेळायची असेल तर मॅटची सोय आहे का, ते विचारा.

वजनाचा प्रश्न

सगळ्यात महत्त्वाचं हेच. कुस्ती वजनगटांत होते, म्हणून ‘थोडं वजन कमी कर, खालच्या गटात सोपं जाईल’ हा सल्ला हमखास मिळतो.

धाकटी आधी जिथे जायची, त्या जागेचं नाव घेत नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेला आठ दिवस होते. तिचं वजन साडेचव्वेचाळीस किलो, आणि तिला ४२ च्या गटात बसवायचं ठरलं. रात्रीचं जेवण बंद, शेवटचे दोन दिवस पाणी घोटघोट, आणि भर दुपारी स्वेटरवर रेनकोट चढवून धावणं. आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आलो, की ती ४६ च्या गटात खेळेल. उत्तर आलं, ‘मग घरी बसवा.’ आम्ही तिला तिथून काढलं. ती स्पर्धा हुकली. दोन दिवस पोरगी आमच्याशी बोलली नाही.

पण माघार घेतली नाही, त्याला कारण होतं. दोन दिवसांत उतरतं ते वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. चक्कर, पायात गोळे, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण हे त्यामागून येतं. वाढत्या वयात वारंवार उपाशी राहिल्याने वाढ खुंटू शकते, मुलींची पाळी बिघडू शकते. १९९७ मध्ये अमेरिकेत सव्वा महिन्यात तीन कॉलेजकुमार वजन उतरवताना दगावले. त्यानंतरच तिथे रबरी सूट घालून घाम काढण्यावर बंदी आली.

पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी अवघी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. तिथेच अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी एका रात्रीत ४.६ किलो उतरवले. ते दोघं मोठे, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ हाताशी असलेले. आपली मुलं आठवी-नववीतली. त्यांनी आहे त्या वजनात खेळावं आणि वाढलं तर वरच्या गटात जावं.

धाकटी नव्या ठिकाणी ४६ च्या गटात पहिली कुस्ती मिनिटभरात हरली. पण संध्याकाळी पोटभर पोळी-भाजी खाऊन झोपली.

बाकीच्या गोष्टी

कुस्तीत त्वचेचे आजार पटकन लागतात. सरावानंतर लगेच आंघोळ, स्वतःचा टॉवेल आणि कापलेली नखं हे नियमच करा. दाद उठली तर बरी होईपर्यंत सराव बंद. औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणू नका, त्यातल्या स्टेरॉइडने ती आणखी पसरते. मॅट रोज पुसतात का, तेही बघा.

कान सुजला तर एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. साकळलेलं रक्त वेळेत काढलं नाही तर कान कायमचा जाड होतो. डोकं आपटून गरगरलं, उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही. थेट दवाखाना.

दूध, डाळ, उसळी, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, एवढं पुरे. डब्यातली पावडर नको. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर अल्पवयीन खेळाडूवरही कारवाई होते.

जन्मदाखला खराच द्या. ‘एक वर्ष कमी लिहू’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

मुलगी असेल तर बाई प्रशिक्षक आहे का, बाहेरगावी सोबत कोण जातं, राहायची व्यवस्था काय, हे बिनसंकोच विचारा. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला पहिलवानांना लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसावं लागलं, हे विसरू नका. मुलग्यांच्या बाबतीतही हेच विचारा. पोक्सो कायदा दोघांसाठी आहे.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठी. उस्तादांचा मान ठेवा, पाया पडा, सांगतील तेवढे जोर-बैठका मारा. पण कोणी ‘पाणी पिऊ नकोस’ किंवा ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणालं, तर त्याच रात्री घरी सांगा. ती चुगली होत नाही.