ताग, तांबे आणि उलटे वळण

पदार्थाचे गुणधर्म कशावर अवलंबून असतात? ‘तो ज्या अणुरेणूंचा बनला आहे त्यांवर,’ असे तुम्ही चटकन सांगाल. उत्तर बरोबर आहे, पण पुरते नाही.

ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा ध्रुवित प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला, की ते प्रतल काही अंशांनी वळते. हा साखरेच्या रेणूच्या रचनेचा परिणाम. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली कलकत्त्यात याची नक्कल केली. रेणूंऐवजी त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्या घेतल्या आणि प्रकाशाऐवजी आखूड विद्युत-चुंबकीय लहरी. उजव्या पिळाने प्रतल एका बाजूला वळले, डाव्या पिळाने दुसऱ्या. ताग तोच, दिशा ठरवली ती पिळाने!

आता वक्रीभवनाची आकृती आठवा. काचेत तिरका शिरणारा किरण स्तंभिका ओलांडून पलीकडे जातो. १९६७ साली रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी गणिताने दाखवले, की पदार्थाने विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांना उलटा प्रतिसाद दिला, तर किरण स्तंभिकेच्या आला त्याच बाजूला वळेल. पण असा पदार्थ निसर्गात सापडेना.

मग तो बनवण्यात आला. इंग्लंडचे जॉन पेंड्री यांनी रचना सुचवली आणि २००१ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे प्रयोग झाला. फायबरग्लासच्या पट्ट्यांवर तांब्याच्या तारा आणि फट ठेवलेल्या चौकोनी कड्या ओळीने बसवल्या. तारांनी विद्युत क्षेत्राला आणि कड्यांनी चुंबकीय क्षेत्राला उलटा प्रतिसाद दिला. लहर सुमारे ३ सेंटिमीटर लांबीची, कड्यांमधले अंतर ५ मिलिमीटर. प्रकाशाला जसे काचेतले अणू सुटे जाणवत नाहीत, तशा या लहरीला कड्या जाणवल्या नाहीत. ती सलग पदार्थातून गेल्यासारखी गेली आणि उलटी वळली! अशा रचलेल्या पदार्थांना ‘मेटामटेरिअल’ म्हणतात.

२००६ साली अशाच कड्यांच्या वेढ्याने तांब्याचे एक नळकांडे लहरींपासून बरेचसे ‘लपवले’ गेले. म्हणून अदृश्य होण्याचा झगा आला असे मात्र समजू नका. ही किमया ठरावीक तरंगलांबीपुरतीच चालते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यासाठी कड्या त्याहूनही बारीक हव्यात, शिवाय धातू प्रकाश शोषून घेतो. खरी अडचण तेथे आहे.

बोसांच्या प्रयोगाचे मूळ मात्र तुम्हाला शाळेतच पाहता येईल. दोन पोलरॉइड एकमेकांशी काटकोनात धरा. पलीकडचा दिवा दिसेनासा होईल. मध्ये साखरेच्या दाट पाकाने भरलेले काचपात्र ठेवा. उजेड परत का आला, ते आता तुम्हीच सांगा!