वेष्टन का जपायचं?

जॉन विस्डेन यांनी १८६४ साली काढलेलं पहिलं क्रिकेट-वार्षिक म्हणजे ११२ पानांची, एक शिलिंगाची, कागदी वेष्टनाची चोपडी. हंगाम सरला की टाकून द्यायची, अशीच तिची घडण. त्यामुळे सुरुवातीचे अंक आज दुर्मीळ आहेत, आणि सापडतात त्यांतले पुष्कळसे मालकांनी नंतर पुठ्ठ्यात बांधून घेतलेले असतात. बांधताना वेष्टन आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची, कडा कापून सारख्या करायच्या, अशी सर्रास रीत होती. अशा देखण्या प्रतीपेक्षा मूळ वेष्टनातली जीर्ण प्रत संग्राहक कितीतरी महाग घेतात. हा निव्वळ शौक आहे असं म्हणतात. मला मात्र ही पारख रास्त वाटते. पहिल्या अंकात धावफलकांच्या जोडीला इंग्लंडमधल्या कालव्यांची लांबी आहे, डर्बी जिंकलेले घोडे आहेत, पहिल्या चार्ल्सवरच्या खटल्याचाही उल्लेख आहे. विस्डेन १८६३ मध्ये खेळातून निवृत्त झाले होते आणि लंडनमध्ये त्यांचं क्रीडासाहित्याचं दुकान होतं. पुढे क्रिकेटचा प्रमाणग्रंथ ठरलेलं हे वार्षिक जन्मलं ते एका दुकानदाराचं पंचांग म्हणून, आणि ही ओळख धावफलकांपेक्षा वेष्टनावर व जाहिरातींत जास्त ठळक दिसते.

पहिल्या पंधरा अंकांच्या हुबेहूब प्रतिकृती निघाल्या आहेत, मग मूळ प्रतीचा अट्टहास कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. वाचायला प्रतिकृती उत्तम. वाचकाने तीच घ्यावी. पण प्रतिकृतीत एकाच प्रतीचं रूप गोठलेलं असतं. कागदाचा पोत, शिवण, कुणी समासात पेन्सिलीने केलेली बेरीज हे ज्या त्या प्रतीपाशीच राहतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बांधणी झाली नसती तर कित्येक प्रती उरल्याच नसत्या. हे खरं आहे, म्हणून जुन्या बांधीव प्रतींना मी कमी लेखणार नाही. आज मात्र मापाची पेटी करून प्रत सुरक्षित ठेवता येते. नव्याने बांधायचं कारण उरलेलं नाही.

खरी हानी गुपचूप केलेल्या दुरुस्तीने होते. वेष्टनावरचा ओलीचा डाग खालच्या पानावर त्याच जागी उमटलेला हवा; पान डागाळलेलं आणि वेष्टन कोरं असेल, तर ते मागाहून चढवलेलं असण्याचा दाट संभव. पाठीचा कागद उजेडात धरला की नवी पट्टी कळते. दुरुस्तीला माझा विरोध नाही. विकणाऱ्याने ती नोंदीत स्पष्ट लिहावी आणि घेणाऱ्याने ती नोंद प्रतीसोबतच ठेवावी.