चौघांनी वाचले, तरी तारीख चुकली: संपादन आणि मुद्रितशोधन शिकण्याविषयी



काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीत शिष्यवृत्तीची माहिती देणारे पत्रक काढले. मजकूर आम्हीच लिहिला, आमच्यातल्याच चौघांनी वाचला आणि छापायला दिला. अर्जाची शेवटची तारीख ३१ होती, छापली गेली १३. वीस तारखेला एक मुलगी भेटली आणि म्हणाली, "मुदत संपली ना, आता पुढच्या वर्षी बघू." तिचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरून घेतला. पण पत्रक वाचून किती मुले घरीच थांबली, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

नंतर आम्ही चौघे बसलो तेव्हा कारण लक्षात आले. आम्हा सगळ्यांना ती तारीख पाठ होती. डोळ्यांसमोर १३ होते आणि मन ३१ वाचत होते. निष्काळजीपणा होताच, पण खरी उणीव वेगळी होती. छापण्याआधी मजकूर तपासणे हे शिकावे लागणारे काम आहे, हेच आम्हाला माहीत नव्हते. मग आम्ही नोकरी आणि वस्तीतले काम सांभाळून, रात्री आणि रविवारी ऑनलाइन बसून ते शिकायला लागलो. त्यातून जे हाती लागले ते चळवळीतल्या तरुणांपर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेख.

एक नव्हे, तीन कामे

'जरा नजर टाक' असे म्हणून आपण एखाद्याच्या हाती कागद देतो. व्यवसायात या नजर टाकण्याचे तीन वेगळे टप्पे असतात.

पहिला टप्पा आशयाचे संपादन. लेखाला काय सांगायचे आहे, मुद्दे क्रमाने आले आहेत का, एखादा दावा पुराव्याशिवाय आला आहे का, कोणता भाग कापावा, कुठे आणखी माहिती हवी, हे इथे पाहतात.

दुसरा टप्पा भाषेचे संपादन, म्हणजे कॉपी एडिटिंग. वाक्यरचना, नावे, सनावळी, उद्धृते आणि लेखनातला एकसारखेपणा इथे तपासतात. एका पानावर 'भिक्खू' आणि दुसऱ्या पानावर 'भिक्षू' असेल, तर लेखकाला विचारून एक रूप ठरवायचे आणि ते वहीत नोंदवायचे. या नोंदीला 'स्टाइल शीट' म्हणतात. नवख्या माणसाने लावून घ्यावी अशी ही पहिली सवय आहे.

तिसरा टप्पा मुद्रितशोधन, म्हणजे प्रुफे तपासणे. पानांची मांडणी झाल्यावर हे काम सुरू होते. मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी ठेवून अक्षर, अंक, विरामचिन्ह, पान क्रमांक, मथळा, फोटोखालची ओळ असे सगळे ताडून पाहायचे. या टप्प्यावर नवे परिच्छेद लिहायचे नसतात. एक ओळ वाढली तरी पुढची पाने सरकतात आणि नव्या चुका शिरतात.

मराठीत या टप्प्यावर एक खास अडचण येते. आपल्याकडचा बराच मजकूर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवला जातो. तो युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे तुटतात, रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. म्हणून फॉन्ट बदलल्यावर पूर्ण मजकूर पुन्हा वाचायलाच हवा.

आपली परंपरा काय सांगते

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये 'जनता' सुरू केले. १९५६ मध्ये 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पैसा नव्हता, माणसे कमी होती, तरी छापील शब्द त्यांनी सोडला नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढली. पहिला खंड १९७९ मध्ये आला. या कामात वसंत मून यांनी संपादक म्हणून घेतलेले कष्ट आपण विसरू नयेत. आज एखादा तरुण खंड आणि पान क्रमांक देऊन बोलू शकतो, त्यामागे असे संपादन आहे.

त्याहून मागे गेलो तर धम्माची पहिली संगीती आठवते. राजगृहात उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी सुत्त सांगितले आणि जमलेल्या भिक्खूंनी ते एकत्र म्हणून पक्के केले, असे परंपरा सांगते. अगदी अलीकडे, १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती झाली. तिथे म्यानमार, श्रीलंका, थायलंड, कंबोडिया इथल्या प्रती ताडून तिपिटकाचा पाठ ठरवला गेला. पुढे इगतपुरीच्या विपश्यना संशोधन संस्थेने तो देवनागरीत छापला. आजही प्रुफे तपासताना एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची, ही पद्धत वापरली जाते. आपले पूर्वज हे काम गटाने करत होते. आपण मोबाइलवर आलेला मजकूर एका बोटाने पुढे ढकलतो.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या नावावर रोज फिरणारी कितीतरी वाक्ये कोणत्या ग्रंथातली आहेत, हे पाठवणाऱ्याला सांगता येत नाही. विरोधकाला एक खोटे उद्धृत सापडले, की तो आपली दहा खरी उद्धृतेही बाजूला सारतो. संपादनाचे शिक्षण घेतलेला माणूस तिथे थांबतो आणि विचारतो, 'खंड कोणता, पान कोणते?' उत्तर मिळाले नाही तर तो मजकूर जाऊ देत नाही.

शुद्ध, अशुद्ध आणि प्रमाण

आमच्या गटात पहिला वाद झाला तो 'शुद्धलेखन' या शब्दावर. शुद्ध-अशुद्ध हे शब्द आपल्या समाजाने हजारो वर्षे वेगळ्या अर्थाने सोसले आहेत. शाळेत बोलीवरून हसे झालेली मुले आमच्यातही आहेत. मग आपण पुन्हा तेच नियम लोकांवर लादायचे का?

आम्ही जे उत्तर काढले ते असे. लेखनाचे नियम हा एक करार आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ नियम ठरवले, १९७२ मध्ये त्यांत ४ वाढवले. माणसांनी बसून ठरवलेली ही गोष्ट आहे, ती कोणाच्या जन्माबरोबर येत नाही. मराठी लेखनाच्या नियमांवर ज्यांचे पुस्तक हाताशी ठेवावे लागते, त्या यास्मिन शेख ज्यू कुटुंबात जन्मल्या आणि मुस्लिम कुटुंबात सून म्हणून गेल्या. नियम जो शिकेल त्याचे. म्हणून आम्ही 'प्रमाणलेखन' हा शब्द वापरतो.

हा करार पाळला नाही तर काय होते? सहा डिसेंबरच्या फलकावर 'महापरिनिर्वाण दीन' असे लिहिलेले दिसते. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब, केविलवाणा. 'दिक्षाभूमी' हेही सर्रास दिसते. योग्य रूप 'दीक्षाभूमी'. 'भूमी' शब्दाच्या शेवटी दीर्घ, पण 'भूमिहीन' या जोडशब्दात आधी आला की ऱ्हस्व. तसेच 'भिक्खू' आणि 'भिक्खुसंघ'. नियम कळला की घोकावे लागत नाही.

हा करार कुठे लावायचा नाही, हे कळणे मात्र संपादकाची खरी परीक्षा आहे. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' आहे. उत्साही मुद्रितशोधकाने त्याचे 'माझ्या जन्माची' केले, तर पुस्तकातली बाईच बोलायची थांबेल. दया पवार यांचे 'बलुतं' हे 'बलुते' होत नाही. 'धम्म' या शब्दाचे सवयीने किंवा मोबाइलच्या आपोआप दुरुस्तीने 'धर्म' झाले, तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी केलेला भेदच पुसला जातो. 'मूकनायक'च्या काळातल्या मजकुरात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार दिसतील. ते तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बरोबर आहेत. उद्धृत करताना ते तसेच ठेवायचे, किंवा बदलले तर बदलल्याचे सांगायचे.

ऑनलाइन अर्धवेळ शिकताना काय होते

चांगल्या अभ्यासक्रमात व्हिडिओ कमी आणि स्वाध्याय जास्त असतात. एक चुकांनी भरलेला मजकूर मिळतो. तो तपासून पाठवायचा. मार्गदर्शक आपण काय सोडले हे दाखवतो आणि गरज नसताना काय बदलले हेही दाखवतो. आम्हाला सुरुवातीला दुसऱ्या प्रकारच्या चुकांचीच बोलणी जास्त खावी लागली. लेखकाचा आवाज राखणे, शंका नम्रपणे आणि नेमकी विचारणे, वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवून काम करणे, पीडीएफवर खुणा करणे, समासातली मुद्रितशोधनाची चिन्हे वापरणे, हे सगळे सरावानेच येते.

वेळेचे गणित सोपे ठेवावे. आठवड्यातले तीन दिवस दोन-दोन तास पुरतात. थकलेल्या डोळ्यांनी प्रुफे तपासू नयेत. एकट्याने शिकण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून शिकले, तर स्वाध्याय टाळले जात नाहीत.

कुठे शिकावे, आधी काय विचारावे

पदवीधरांसाठी इग्नूची पुस्तक प्रकाशनातली पदव्युत्तर पदविका आहे. ती दूरशिक्षणाने करता येते आणि तिच्यात संपादनाचा भाग आहे. प्रवेश केव्हा खुला आहे हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहावे. इंग्रजीत काम करायचे असेल, तर ब्रिटनमधील चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग ही संस्था टप्प्याटप्प्याचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. त्याचे शुल्क पौंडात असते, म्हणून गटातल्या एकाने शिकून इतरांना शिकवणे परवडते. मराठीसाठी यास्मिन शेख यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हातात असू द्यावे.

कुठेही पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. किती स्वाध्याय तपासून मिळतील? तपासणारा स्वतः या व्यवसायात आहे का? सराव मराठीचा आहे की फक्त इंग्रजीचा? हप्त्याने शुल्क चालेल का? मध्येच सोडावे लागले तर काय? आणि 'घरबसल्या प्रूफरीडिंग करा, आधी नोंदणी फी भरा' अशी जाहिरात दिसली, तर तिथून परत फिरा. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही.

शिकल्यावर काम पानामागे किंवा शब्दांमागे मिळते. सुरुवातीला ते तुटपुंजे असते आणि त्यावर लगेच घर चालत नाही. दर, मुदत आणि किती वाचने करायची, हे आधी लेखी ठरवावे. समाजाचे काम म्हणून कोणी फुकट मागत असेल, तर त्या संस्थेने छापखान्याला पैसे दिले का, हे जरूर विचारावे.

उद्यापासून

तुमच्या विहारातले पुढचे पत्रक छापायला जाण्याआधी एक पद्धत लावा. मजकूर लिहिणाऱ्याने प्रूफ तपासायचे नाही. तपासणाऱ्याने ओळीखाली पट्टी धरून वाचायचे. तारखा, फोन क्रमांक आणि नावे शेवटी वेगळी वाचायची, एकाने मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचे.

आम्ही आता असेच करतो. यंदाच्या पत्रकाचे प्रूफ वाचायला वीस तारखेला भेटलेली तीच मुलगी बसली होती. तिने तारीख तीनदा वाचली आणि मगच कागदावर सही केली.

नमो बुद्धाय! जयभीम!