आइन्स्टाइन यांची रक्तवाहिनी सेलोफेनमध्ये का गुंडाळली होती?

१९४८ चा डिसेंबर. पोटदुखीने हैराण झालेल्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांचं ब्रुकलिनमध्ये ऑपरेशन झालं. सर्जन रुडॉल्फ निसेन यांना त्यांच्या महाधमनीवर मोठा फुगवटा दिसला. त्यांनी तो चक्क सेलोफेनने गुंडाळला. हो, गिफ्टवर असतो तसा चकचकीत कागद!

वाटतो तसा हा जुगाड नव्हता. सेलोफेन शरीराला खुपतं आणि त्याच्याभोवती जखमेच्या वणासारखं टणक आवरण तयार होतं. तेच कमकुवत भिंतीला आधार देईल, असा हिशेब होता. फुगलेला भाग कापून तिथे दुसरी रक्तवाहिनी जोडणं पॅरिसमध्ये चार्ल्स डुबोस्ट यांना जमलं, ते १९५१ मध्ये. सेलोफेनने आइन्स्टाइन यांना सहा वर्षं मिळाली. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला, त्यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि १८ तारखेला त्यांचं निधन झालं.

या फुगवट्याला अॅन्युरिझम म्हणतात. पण इतकी मजबूत रक्तवाहिनी फुगते कशी?

महाधमनीच्या भिंतीत दोन महत्त्वाचे धागे असतात. इलास्टिन रबरासारखं ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. कोलॅजेन दोरखंडासारखं, ताण वाढला की धरून ठेवणारं. गोची अशी की मोठेपणी शरीर नवीन इलास्टिन जवळपास बनवतच नाही. लहानपणीच्या साठ्यावर आयुष्य काढायचं! वय आणि धूम्रपान हा साठा झिजवतात (आइन्स्टाइन यांचा पाइप तर प्रसिद्धच). मग सगळा भार कोलॅजेनवर येतो आणि भिंत हळूहळू बाहेर येते.

इथून पुढे भौतिकशास्त्राचा नियम सुरू होतो. रक्तदाब तोच राहिला तरी नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवर ताण जास्त. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ५ सेंटिमीटर झाली तर ताण अडीचपट. त्यात भिंत पातळ झाली, तर प्रत्येक धाग्याच्या वाट्याला आणखी ओढ. म्हणजे फुगवटा जितका मोठा, तितका तो आणखी फुगायला तयार.

म्हणूनच पुरुषांमध्ये साधारण ५.५ आणि स्त्रियांमध्ये ५ सेंटिमीटरला डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. मात्र हा आकडा अंदाजच आहे. काही छोटे फुगवटे फुटतात, काही मोठे वर्षानुवर्षं टिकतात. कारण भिंत फुटते ती तिच्या सगळ्यात कमजोर जागी. सोनोग्राफीत रुंदी दिसते, ताकद दिसत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे प्रयोगशाळेत मशीनवर तुटेपर्यंत ओढून ती मोजता येते, पण जिवंत माणसाच्या पोटात ते कसं करणार? त्यामुळे संशोधक सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटर मॉडेल बनवून कुठे किती ताण येतो, याचा हिशेब मांडतात.

फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ब्रिटनमध्ये म्हणूनच ६५ व्या वर्षी पुरुषांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ, सोबत घाम आणि चक्कर आली, तर गॅस समजून थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.