ठिबकच्या जुन्या नळ्या, डिस्टिलरीचा वायू आणि मिथेनॉल



तोडणी उरकली की शिवारफेरीत आम्हाला एक दृश्य हटकून दिसते. पाचटाला काडी लागलेली आणि त्यातच ठिबकच्या जुन्या नळ्या जळत असतात. (पाचट जाळू नका हे सांगून दरवर्षी आमचा घसा बसतो, ते असो.) गटसभेत विषय काढला, तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "साहेब, प्लास्टिक आणि कार्बन वायूपासनं मिथेनॉल होतंय म्हणे. डिस्टिलरीशेजारी घाला की तसला प्लँट. नळ्या आम्ही आणून टाकतो." प्रश्न रास्त होता. तेव्हा उत्तर अर्धवट राहिले, म्हणून येथे लिहीत आहोत.

वायूची आपल्याकडे वाण नाही. मळी आंबताना १ किलो अल्कोहोलमागे सुमारे ९५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बराच शुद्ध. मध्य प्रदेशात विंध्याचलला एनटीपीसीने २०२४ मध्ये वीजकेंद्राच्या धुरातून हा वायू पकडून मिथेनॉल करून दाखवले. धुरातून तो वेगळा काढणे खर्चाचे. आपला तो खर्च वाचेल.

घोडे अडते हायड्रोजनपाशी. १ टन मिथेनॉलला १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून १ किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. म्हंजे टनामागे दहा हजार युनिट धरा! त्या मिथेनॉलमध्ये उष्णता उरते ती सुमारे साडेपाच हजार युनिटांची.

मग प्लास्टिक कशाला? तर पाण्याच्या प्लाझ्मात वाफ विजेच्या आर्कने इतकी तापवतात, की तिचे रेणूच फुटतात. वेल्डिंगची ज्योत आठवा, त्याहून कितीतरी प्रखर. प्राग शहरातील प्लाझ्मा संस्थेत यावर बरीच वर्षे काम झाले आहे. त्या झोतात प्लास्टिकचा धूर होत नाही. त्याचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन होतात आणि पुढे दाबाखाली त्यांचे मिथेनॉल करता येते. ठिबकची लॅटरल पॉलिथिनची असते. कागदावर १४ किलो पॉलिथिन आणि १८ किलो पाणी मिळून ३२ किलो मिथेनॉल होते. हिशेब जुळतो खरा, पण त्यात आर्कची वीज धरलेली नाही. शिवाय डिस्टिलरीचा वायू घालायचा म्हटला की हायड्रोजन पुन्हा कमी पडतो. मेन लाइनचा पीव्हीसी पाइप तर त्यात चालतच नाही, कारण त्यातल्या क्लोरीनने तांबे-जस्ताचा उत्प्रेरक निकामी होतो.

आमचे मत विचाराल, तर आज आपल्या भागभांडवलातून असा प्लँट घालू नये. कोणी माहितीपत्रक घेऊन आलाच, तर त्याला पहिल्यांदा टनामागे किती युनिट लागतात ते विचारावे.

आणखी एक. मिथेनॉल हे आपल्या डिस्टिलरीतले इथेनॉल नव्हे. दिसायला सारखेच, पण थोडे जरी पोटात गेले तरी डोळे जातात, जीवही जातो.

नळ्यांचे मात्र आजच करण्यासारखे आहे. तोडणीआधीच लॅटरल गुंडाळून बाहेर काढा, पीव्हीसी वेगळा ठेवा. पॉलिथिन वेगळे, माती झटकलेले असले, तर भंगारवालाही बरा भाव देतो.