चारोळीची घाई

श्रीखंडावर किंवा बासुंदीत आपण चारोळीचे चार दाणे टाकतो. तो दाणा झाडावरून कोणत्या दिवशी उतरविला असेल, हा विचार आपल्या मनात येत नाही. परंतु दाण्याचा कस आणि तो गोळा करणाराची कमाई, दोन्ही त्या दिवसावर पुष्कळ अंशी अवलंबून असतात.

बालाघाट जिल्ह्यातील बैहरचा मुलूख कान्हाच्या अरण्याला लागून आहे. येथील बैगा व गोंड कुटुंबे रानातील चार वृक्षाची फळे गोळा करतात. थंडी सरता सरता या झाडाला मोहोर येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकून जांभळट काळी होतात. ती पाण्यात भिजवून गर काढतात, बिया वाळवितात आणि जात्यात भरडून दाणा वेगळा करतात.

आता यातील मर्म पाहा. फळ बाहेरून पुरे वाढलेले दिसते, कवचही कठीण होते. आतील दाणा मात्र सर्वांच्या मागून भरतो. पक्व दाण्यात सुमारे निम्मे तेल असते, आणि ते भरण्यास वेळ लागतो. हिरवे फळ तोडले की दाणा पोचट राहतो, वाळताना सुरकुततो, वजनात घटतो. टोपली तितकीच भरते. भरडल्यावर माल मात्र थोडा निघतो. फार उशीर केला तर गळालेली फळे पाखरे खातात, वळवाच्या पावसाने बुरशी धरते.

मग लोक कच्ची फळे का तोडतात? अज्ञानामुळे नव्हे. झाड रानातले, आज आपण थांबलो, तर उद्या दुसरा तोडील, ही धास्ती असते. या घाईत फांद्याही छाटल्या जातात आणि पुढचा बहार बुडतो. शिवाय कच्चे बी रुजत नाही. त्यामुळे नवी रोपेही उगवत नाहीत.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क आणि सामूहिक वनाच्या वापराचे नियमन ग्रामसभेच्या कक्षेत आणले. 2013-14 पासूनच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत चारोळीचाही समावेश झाला. परंतु भाव कितीही ठरविला, तरी पोचट दाण्याचे वजन त्याने वाढत नाही. तोडणीचा दिवस साऱ्या गावाने एकत्र बसून ठरविला आणि तो सर्वांनी पाळला, तरच थांबणाराचे नुकसान होणार नाही.