राणीच्या बागेतला मे महिना

शाळांना सुट्ट्या लागल्या की भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला झुंबड उडते. बाहेर मुंबईचा घामट उन्हाळा आणि काचेपलीकडे १६ ते १८ अंशांचा गारवा. पोरं काचेला नाक लावून बर्फ शोधतात; पण २०१६ साली आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या खडकाळ किनाऱ्याचे, अंटार्क्टिकाचे नव्हेत. तिथला समुद्र थंड प्रवाहामुळे गार राहतो.

अस्वलांना फळं घालून गोठवलेला बर्फ मिळतो. चाटत, फोडत त्यांची दुपार सरते.

शेजारीच १८७२ साली खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बरेच जण तिथे न डोकावताच परततात, याची खरोखर हळहळ वाटते. निदान बाहेरचा दगडी हत्ती तरी पाहावाच: घारापुरीला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडलं, तोच हा.